अडलेल्याची सूट

दसऱ्याच्या आधी आठ-दहा दिवस सेलूच्या बाजारपेठेत फ्लेक्स चढायला लागतात. कापड, मोबाइल, फ्रीज, सोनं, दुचाकी, जे जे म्हणून विकलं जातं त्या सगळ्यावर टक्के येतात. कुठं चाळीस टक्के, कुठं एकावर एक, सराफाकडे मजुरीत सूट, मोबाइलवाल्याकडे जुनं द्या नवं न्या. सेलू तालुक्यातल्या वालूरला बाहेरचे लोक येतात ते तिथली चक्राकार बारव पाहायला. वालूरकर मात्र मोठी खरेदी करायची तर सेलू, परभणी, फार तर जालना गाठतात, आणि वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी याच दिवसांत होते. सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, कापसाची पहिली वेचणी निघालेली असते, लेकी माहेरी यायच्या असतात.

या टक्क्यांनी खरंच पैसे वाचतात का, हा प्रश्न विचारला की कुणीही एका दमात उत्तर देतो: ‘आधी वाढवतेत, मग कमी करतेत.’ हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही सगळे जातात. म्हणजे गिऱ्हाईक अडाणी आहे म्हणून हा धंदा चालतो, हे काही खरं नव्हे. मला वाटतं आपण प्रश्नच चुकीच्या टोकाने धरतो. टक्के किती आणि मूळ किंमत खरी की खोटी, यात डोकं घालण्याआधी एवढंच बघावं, की समोरचा विकणारा आज अडलेला आहे का. अडलेला असेल तर सूट खरी असण्याची शक्यता आहे. नसेल, तर तो आपल्याला पैसे कशासाठी सोडेल?

मागणी चढलेली असताना भाव उतरत नाहीत, हे व्यापाराचं साधं गणित शेतकऱ्याइतकं दुसऱ्या कुणाला पाठ नाही. ऐन लग्नसराईत मंगल कार्यालयाचं भाडं कमी झालेलं कुणी ऐकलंय? पोळ्याच्या आदल्या दिवशी झुली-गोंडे स्वस्त मिळाले, असं कधी झालंय? मग जिल्हाभरातली गिऱ्हाइकं एकाच पंधरवड्यात रोख पैसे घेऊन उभी असताना कापड तीस टक्क्यांनी कसं उतरतं? उतरत नाही. बहुतेक वेळा उतरलेल्या आकड्यालाच खरा भाव म्हणायचं असतं, आणि वरचा आकडा हा त्या दिवसासाठी बांधलेला मांडव असतो.

अपवाद आहेत. टीव्ही-फ्रीजच्या कंपन्या सणाच्या महिन्यात विक्रेत्याला उद्दिष्ट देतात, तेवढे नग विकले तर वर्षअखेरीचा इन्सेन्टिव्ह मिळतो. तो गाठायला विक्रेता स्वतःच्या नफ्यातलं काही सोडतो. इथं विक्रेता खरोखर अडलेला आहे, आणि सूटही खरी आहे. शेजारी-शेजारी तीन दुकानं असली की एकमेकांच्या धास्तीनेही भाव थोडा खाली येतो. शिवाय एखादी वस्तू खरेदीच्या भावाच्याही खाली ठेवायची, म्हणजे माणूस आत येईल आणि इतर चार वस्तू घेईल, ही जुनी युक्ती आहे. ती वस्तू पुरेशी ठेवली तर तो व्यापार. दोन नग ठेवून दोनशे लोकांना बोलावलं तर ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणारी आमिषाची जाहिरात.

वरच्या आकड्याचा हा मांडव कसा घालतात ते पाहायचं तर लग्नाच्या बस्त्याला जाऊन बसावं. गादीवर घरची पंधरा-वीस माणसं बसलेली असतात, पाणी झालं, चहा झाला, पोरगा एकामागून एक साड्या उलगडून टाकतोय. कुणी भाव विचारलाच तर मालक म्हणतो, ‘मामा, तुम्ही बस्ता बघा, भावाचं आपण नंतर बघू.’ दोन-तीन तासांनी ढीग बाजूला होतो, कॅल्क्युलेटर येतो. समजा बेरीज निघाली अडुसष्ट हजार चारशे पन्नास. तीस टक्के गेले, राहिले सत्तेचाळीस हजार नऊशे पंधरा. ‘वरचे नऊशे पंधरा सोडले मामा. सत्तेचाळीस द्या. अन् वरमायची साडी माझ्याकडून.’ मामा गावात येऊन सांगतात, एकवीस हजार वाचवले. वरमायची साडी तर वेगळीच.

अडुसष्ट हजार हा आकडा आला कुठून, हे त्या गादीवर कुणी विचारत नाही. तो दुकानाने स्वतःच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेला असतो. साडीच्या त्याच चिठ्ठीच्या कोपऱ्यात कित्येकदा दोन-तीन अक्षरं असतात, वाचली तर कशाचाच अर्थ लागत नाही. ती त्या दुकानाची सांकेतिक लिपी असते. प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा, आणि सगळी मिळून ती साडी दुकानाला पडली किती ते सांगतात. नोकराने घासाघिशीत कुठवर खाली यायचं, याची ती खूण. म्हणजे एकाच चिठ्ठीवर दोन किमती असतात: एक गिऱ्हाइकाला वाचता येते, दुसरी येत नाही. सूट मोजली जाते ती पहिलीपासून, आणि दुकानाचा नफा ठरतो दुसरीपासून.

मामा फसले असं मात्र मी म्हणणार नाही. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने 1985 मध्ये मांडलं, की खरेदीत माणसाला दोन प्रकारचं समाधान मिळतं. एक वस्तूचं, आणि दुसरं सौदा जमल्याचं. त्यांना 2017 साली नोबेल मिळालं. आपल्याकडच्या कोणत्याही कापड दुकानदाराला हे त्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. मामांनी दुसऱ्या समाधानाचे पैसे मोजले, आणि भावकीत सांगायला एक गोष्ट घेऊन आले. तक्रार एवढीच, की तो खर्च आहे आणि ते त्याला बचत म्हणतात.

दुकानदारालाही एकट्याला दोष देता येत नाही. अमेरिकेत जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीने 2012 मध्ये रॉन जॉन्सन या नव्या प्रमुखाच्या सांगण्यावरून कूपन आणि सेल बहुतेक बंद केले आणि सरळ, कायमची कमी किंमत लिहायला सुरुवात केली. वर्षभरात विक्री सुमारे पावपटीने घसरली, एप्रिल 2013 मध्ये जॉन्सन यांना जावं लागलं आणि सेल परत आले. प्रामाणिक किंमत लिहिणारा दुकानदार सेलूतही याच अडचणीत सापडतो. ‘एकच भाव’ अशी पाटी लावून चालणारी दुकानं आपल्याकडे होती आणि आहेत, पण त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचं नाव लागतं. कालपरवा शटर उघडलेल्याने ती पाटी लावली तर गिऱ्हाईक शेजारच्या तीस टक्क्यांत जाऊन बसेल.

कापडाचं निदान एवढं तरी बरं, की त्यावरचा आकडा दुकानाचा आहे हे कळतं. छापील कमाल किंमत, म्हणजे एमआरपी, आली की माणूस हात जोडतो. जणू सरकारनेच ती ठरवली आहे. एमआरपी लिहिणं कायद्याने सक्तीचं आहे, सर्व करांसह लिहायची आहे आणि तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही, हे सगळं खरं. पण ती किती असावी, हे औषधांसारखे काही ठरावीक अपवाद सोडले तर उत्पादकच ठरवतो. हा नियम गिऱ्हाइकाला जास्त घेण्यापासून वाचवायला आला, आणि त्याच आकड्याचा उपयोग ‘बघा किती कमी घेतो’ हे दाखवायला होऊ लागला.

याचा सगळ्यात ठसठशीत नमुना कृषी सेवा केंद्रात मिळतो. बीटी कापसाच्या बियाण्याचं पाकीट केंद्र सरकारच्या 2015 च्या किंमत नियंत्रण आदेशाखाली येतं. बीजी-2 चं 475 ग्रॅमचं पाकीट 2024-25 च्या हंगामात 864 रुपये, पुढच्या हंगामात 901. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैसे. या वस्तूंवर कुणी सूट देत नाही, कारण आकडा फुगवता येत नाही. मग वसुली दुसऱ्या वाटेने होते. मृगात ज्या वाणाला मागणी, ते पाकीट ‘संपलंय’, आणि वरचे पैसे टेकवले की निघतं. युरिया किंवा डीएपी हवा तर सोबत एखादं सूक्ष्म अन्नद्रव्य घ्या. यालाच लिंकिंग म्हणतात, त्याला बंदी आहे आणि दर जूनमध्ये त्याच्या बातम्या येतात. शहरात याच गोष्टीला कॉम्बो ऑफर म्हणून नटवतात. इथं नटवण्याची गरज पडत नाही, कारण पेर अडलेली असते.

त्याच दुकानात हात वरच्या फळीकडे गेला की चित्र पालटतं. वाढीची टॉनिकं, फुलगळ थांबवणारी बाटली, चकाकणारं लेबल. छापील किंमत हजाराच्या पुढं, आणि दुकानदार सहज म्हणतो, ‘तुमच्यासाठी सहाशे.’ उधारीवर मात्र आठशे. युरियाला एक रुपया न सोडणारा माणूस बाटलीला चारशे सोडतो, तेव्हा तो उदार झालेला नसतो. त्या बाटलीवर छापलेला आकडा पहिल्यापासून सोडण्यासाठीच छापलेला असतो. एखाद्या वस्तूवर सूट किती मोठी मिळते, यावरून तिच्या मूळ आकड्यात किती हवा आहे एवढंच कळतं, असं मी तरी धरून चालतो.

ऑनलाइन खरेदी आली तेव्हा वाटलं होतं, आता हे बंद होईल. मोबाइलवर चार ठिकाणचा भाव दिसतो, मग फसवेल कोण? 6 ऑक्टोबर 2014 ला फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’ झाला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या संस्थापकांना ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली. माल संपणं, ऑर्डर रद्द होणं, आणि किमती बदलल्याच्या तक्रारी. त्यानंतर ही साधनं सुधारली ती आपल्या बाजूने कमी, विकणाऱ्याच्या बाजूने जास्त. उलटी चालणारी घड्याळं, ‘फक्त दोन शिल्लक’, शेवटच्या पानावर चढणारं शुल्क. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने अशा तेरा युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणं हीही त्यांत आहे. ‘बिनव्याजी हप्ता’ हा त्यांचाच चुलतभाऊ. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज असतंच, फक्त ते किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये जाऊन बसतं.

टक्क्यांच्या हिशोबात आपण कच्चे आहोत, याचाही फायदा घेतला जातो. ‘पन्नास अधिक वीस’ म्हणजे सत्तर नव्हे, साठ. ‘दोनावर एक’ म्हणजे तेहतीस, आणि तेही तिसरी वस्तू खरोखर लागणार असेल तर. सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्या टीव्हींवरचा आणि एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 वर आला, तेव्हा दहा टक्के स्वस्त झालं असं सगळे म्हणाले. 128 चे 118 झाले, म्हणजे आठालाही थोडे कमी. पण ती घट खरी होती, कारण मूळ आकडाच खाली आला.

युरोपीय संघाने या मूळ आकड्यालाच हात घातला. मे 2022 पासून तिथं नियम आहे, की भाव उतरवल्याची जाहिरात करायची तर आधीच्या तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगावी लागते. सेलच्या आधी आठ दिवस भाव चढवून मग उतरवण्याची सोय त्याने बरीच संपते. जर्मनीत तर 1933 च्या कायद्याने रोख खरेदीवर तीन टक्क्यांपेक्षा जास्त सूटच देता येत नव्हती. तो कायदा 2001 मध्ये रद्द झाला. इतकं टोक कुणाला नको. तीस दिवसांचा नियम आपल्याकडे निदान मोठ्या साखळ्यांना आणि ऑनलाइन कंपन्यांना लावायला काय हरकत आहे, हे मला समजत नाही. त्यांच्या संगणकात रोजचा भाव साठवलेला असतोच. सेलूच्या कापड दुकानाला तो लावता येणार नाही हे उघड आहे. तिथं बिल मागितलं तरी ‘कच्चं देऊ का पक्कं’ असं विचारतात.

आता दुसरी बाजू. सेल हा गरिबाचा मित्र आहे, असं एक म्हणणं आहे आणि त्यात तथ्य आहे. हंगामाच्या सुरुवातीला घाई असलेला पैसेवाला पूर्ण भाव देतो. ज्याला थांबता येतं तो हंगाम सरता सरता तीच वस्तू कमीत घेतो. दुकानाचं भांडवल मालात अडकलेलं असतं, त्यावर व्याज चढत असतं, पुढच्या मोसमाचा माल दारात येत असतो. जून उजाडल्यावर राहिलेला कूलर, आषाढात उरलेल्या लग्नाच्या साड्या, एकच माप शिल्लक असलेली चप्पल, पितृपंधरवड्यात बसून राहिलेला शोरूमवाला: यांची सूट खरी, कारण ते अडलेले आहेत. पण परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडे जून-आषाढात पैसा कुठं असतो? तो बियाण्या-खताला गेलेला असतो, उरलेला पीककर्जाच्या फेऱ्यांत. खरी सूट येते तेव्हा खिसा रिकामा, आणि खिसा भरतो तेव्हा बाजारात फ्लेक्सवरची सूट. जो थांबू शकतो त्याचे पैसे वाचतात हे सूत्र मान्यच, पण थांबता येणं हीच मुळात ऐपत आहे.

थांबण्याची ऐपत असणारे कसे कमावतात, ते डी-मार्टमध्ये दिसतं. 2002 मध्ये पवईला सुरू झालेल्या या साखळीने सणासुदीच्या सेलचा गाजावाजा फारसा केला नाही. पुरवठादाराला लवकर रोख पैसे द्यायचे, त्या बदल्यात त्याच्याकडून कमी भाव घ्यायचा आणि त्यातला काही हिस्सा रोज गिऱ्हाइकाला द्यायचा, ही तिची रीत. पैशासाठी अडलेल्या पुरवठादाराची सूट ती विकत घेते. उलट 26 जानेवारी 2006 पासून ‘सबसे सस्ता दिन’ म्हणून गर्दी खेचणारं बिग बझार 2022 मध्ये कर्जाखाली संपलं. 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीच्या सभासदांनी डी-मार्टसारखंच आपल्यापुरतं केलं: महिन्याची यादी आधी द्यायची, मिळून घाऊक घ्यायचं आणि आपसात वाटायचं. जाहिरात नाही, टक्के नाहीत. मात्र त्यालाही दर महिन्याला ठरलेला पगार लागतो. वर्षाकाठी दोनदा पैसा पाहणाऱ्या गावात ते रुजवणं अवघड आहे.

आणि या सगळ्या बाजारात सर्वांत मोठी, सर्वांत खरी सूट कोण देतं? तिचा फ्लेक्स लागत नाही. 2024 च्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि मराठवाड्याच्या बाजारात भाव त्याहून सात-आठशेंनी खाली चालला होता. म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास सूट, आणि इथं मूळ आकडा कुणी हवेतून काढलेला नव्हता. सरकारने खर्चावरून काढून छापलेला होता. वर ओलाव्याची कात्री: हमीभावाच्या खरेदीत बारा टक्क्यांची मर्यादा, त्या वर्षी उशिरा ती पंधरा केली. खासगीत माल टाकला तर मूठभर दाणे तळहातावर घेऊन व्यापारी नुसतं ‘माल वला हाय’ म्हणतो आणि भाव शंभराने उतरतो. काट्यावर कुठं कुठं अजून कडता कापतात, क्विंटलमागं किलो-दोन किलो, कायद्यात बसत नसताना. हिशोबपट्टीत हमाली, तोलाई येते. सोयाबीनची मूळ किंमत शेतकऱ्याने लिहिली नाही, उतरलेलीही त्याने लिहिली नाही. दोन्ही आकडे दुसऱ्याचे. त्याच पट्टीचे पैसे घेऊन तो दुपारी कापड दुकानाच्या गादीवर बसतो, तिथंही दोन्ही आकडे दुसऱ्याचेच.

म्हणून मला ‘जागो ग्राहक जागो’ छापाचे उपदेश इथं अपुरे वाटतात. चिठ्ठी नीट वाचा, तुलना करा, गरज नसेल तर घेऊ नका, हे सगळं बरोबर आहे आणि शहरात बसून पाळणं सोपं आहे. वालूरच्या कुटुंबाची खरी बचत दुकानाच्या काउंटरवर होणार नाही, ती त्याच्या आधी आडतीवर होईल. माल दोन-चार महिने धरून ठेवता आला तर. त्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे: माल बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या पाऊणपट कर्ज सहा टक्क्यांनी सहा महिने घ्या, भाव आला की विका. कागदावर चांगली योजना आहे. पण गोदाम जवळ पाहिजे, समितीकडे पैसा पाहिजे, आणि ज्याने उचल दिली त्याच आडत्याकडे माल घालायचं बंधन नसलं पाहिजे.

धरून ठेवण्यातही हमी नाही. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन दहा हजाराच्या घरात गेलं होतं. त्या आकड्याच्या आशेने पुढच्या हंगामांत कित्येकांनी पोती घरात रचली, आणि भाव वर्षागणिक खालीच गेला. शेवटी कुणी पोरीच्या फीसाठी, कुणी दवाखान्यासाठी ती मिळेल त्या भावाने काढली. त्या वर्षांत गावाकडच्या घरांत सोयाबीनची थप्पी आणि नव्या फ्रीजचा खोका शेजारी-शेजारी दिसायचे. फ्रीजवर बावीस टक्के सूट मिळाली होती, हे खोक्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं.